ग्राहक नसताना लॉकर रूममध्ये काम कसलं?

ताई,
मी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत क्लार्क आहे. वय 31, मुलगा दुसरीत. अकरा महिन्यांच्या करारावर माझं चौथं वर्ष चालू आहे. आमच्या शाखेत सात जण, पाच शाखा मिळून संस्थेत चाळीसेक माणसं. शाखाधिकारी साहेब पन्नाशीचे, एका संचालकांच्या नात्यातले. जानेवारीपासून त्यांचे रात्री दहानंतर व्हॉट्सॲप मेसेज सुरू झाले. आधी ‘जेवलीस का’, मग ‘झोपलीस का’, मग ‘आजची साडी छान होती, रोज अशीच नेसत जा’. काही मेसेज दोन मिनिटांत पुसूनही टाकतात. 31 मार्चला हिशोब बंद करायला आम्ही रात्री थांबलो होतो. माझ्या मागे उभं राहून त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. मी खुर्ची पुढे ओढली. दुसऱ्या दिवशी सांगितलं, ‘साहेब, मला हे आवडत नाही.’ ते हसले. 12 जूनला साडेचारच्या सुमारास लॉकर रूममध्ये बोलावलं. आत ग्राहक कुणी नव्हता. मनगट धरून म्हणाले, ‘करार ऑगस्टमध्ये संपतोय ना? सगळं माझ्या शिफारशीवर आहे.’ मी हात सोडवून बाहेर आले. शिपाईकाम करणाऱ्या मावशी दाराशीच होत्या. तेव्हापासून माझी रजा नामंजूर होते, कॅश 840 रुपयांनी शॉर्ट आली तेव्हा ग्राहकांदेखत मला बोलले, 2 जुलैला मेमो दिला. चेअरमनसाहेबांच्या कानावर घातलं तर ‘घरातली गोष्ट घरातच मिटवू’ म्हणाले. जाऊ म्हणते नोकरी सोड. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. त्यांनी बळजबरी अशी काही केलेली नाही. मग ह्याला छळ म्हणता येईल का? आणि माझ्यासारख्या कंत्राटीचं ऐकणार कोण?

मैत्रिणी,

‘त्यांनी बळजबरी अशी काही केलेली नाही’ या तुमच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. गेली काही वर्षं मी वेगवेगळ्या ठिकाणच्या तक्रार समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. तिथे आलेली बाई बहुतेक वेळा पहिल्यांदा हेच म्हणते आणि मग हळूहळू सांगायला लागते. मला वाटतं यात थोडा दोष आपल्या शब्दाचाही आहे. छळ म्हटलं की मराठी माणसाला सासुरवास आठवतो, उपाशी ठेवणं, चटके देणं. त्यापुढे पाठीवरचा हात म्हणजे काय मोठंसं, असं आपलं आपल्यालाच वाटतं. मग ‘जरा लगट करतात’, ‘अंगचटीला येतात’, ‘स्वभावच चावट आहे हो त्यांचा’ एवढ्यावर आपण भागवतो.

कायद्यातला छळ बराच खालच्या पायरीपासून सुरू होतो. 9 डिसेंबर 2013 पासून देशभर लागू असलेला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा पाच गोष्टी मोजतो: अंगाला हात लावणं किंवा तसा प्रयत्न करणं, शरीरसुखाची मागणी करणं, मग ती आडवळणाने का असेना, लैंगिक सूर असलेले शेरे मारणं, अश्लील चित्रं किंवा व्हिडिओ दाखवणं, आणि या प्रकारचं दुसरं कुठलंही वागणं, बोलून केलेलं किंवा न बोलता केलेलं. या सगळ्याला एकच अट लावली आहे. ते वागणं त्या बाईला नकोसं असलं पाहिजे. साहेबांच्या मनात ‘तसं काही नव्हतं’ की होतं, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. तुम्ही खुर्ची पुढे ओढली आणि दुसऱ्या दिवशी तोंडाने सांगितलंत. नकोसं होतं हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगायचं? आणि सांगितलं नसतंत तरी बिघडलं नसतं. वरिष्ठांसमोर गप्प बसलेल्या बाईला ते हवंसं होतं, असा अर्थ काढायची मुभा कुणाला नाही.

आता साडी. सकाळी अकरा वाजता चारचौघांत एखादा सहकारी ‘साडी छान आहे’ म्हणाला तर तेवढ्यावरून मी त्याच्याविरुद्ध अहवाल लिहिणार नाही. तुमच्या साहेबांचं वाक्य रात्री दहानंतर आलं, ‘झोपलीस का’च्या पाठोपाठ आलं आणि त्याला ‘रोज अशीच नेसत जा’ हे शेपूट आहे. समिती सुटं वाक्य बघत नाही, सगळा क्रम बघते.

तुमच्या तक्रारीचा कणा मात्र वेगळाच आहे. तो पाठीवरचा हातही नाही आणि धरलेलं मनगटही नाही. तो आहे ‘करार ऑगस्टमध्ये संपतोय ना?’ हा प्रश्न. नोकरीत झुकतं माप देण्याचं आमिष, त्रास देण्याची धमकी, आत्ताच्या किंवा पुढच्या नोकरीबद्दलची धमकी, कामात अडथळे आणून वातावरण असह्य करणं, तब्येतीवर परिणाम होईल अशी मानहानी, या पाच परिस्थिती कायद्याने वेगळ्या नोंदवून ठेवल्या आहेत, आणि ती धमकी थेट असण्याचीही गरज नाही. तुमच्या साहेबांनी अर्ध्या मिनिटात मनगट आणि करार दोन्ही एकत्र आणले. तेव्हा ते वाक्य जसं उच्चारलं तसंच लिहा. ‘नोकरीवरून काढण्याची धमकी दिली’ असं गुळगुळीत करू नका.

‘फक्त मनगटच धरलं’ असंही कुणीतरी तुम्हाला ऐकवेल. दिल्लीतल्या एका निर्यात परिषदेच्या अधिकाऱ्याचं प्रकरण 1999 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. प्रयत्न केला, पण प्रत्यक्ष विनयभंग झाला नाही, म्हणून उच्च न्यायालयाने त्याला परत कामावर घ्यायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि बडतर्फी कायम ठेवली. स्पर्श सिद्ध झालाच पाहिजे हा हट्ट तेव्हाच मोडीत निघाला.

कंत्राटीचं कोण ऐकणार, असं तुम्ही विचारता. हा कायदा ज्या बाईमुळे आला ती कुठे कायम नोकरीत होती? भंवरी देवी राजस्थानातल्या भटेरी गावच्या, सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून मानधनावर काम करणाऱ्या. 1992 मध्ये त्यांनी एका तान्ह्या मुलीचं लग्न थांबवायचा प्रयत्न केला, म्हणजे नेमून दिलेलं कामच केलं, आणि त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 1995 मध्ये जयपूरच्या न्यायालयात आरोपी त्या आरोपातून सुटले. त्याआधीच, 1992 मध्ये, ‘विशाखा’ आणि इतर महिला संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. काम करताना बाईला काही झालं तर काम देणाऱ्याची जबाबदारी काय, हा त्यांचा प्रश्न होता. 13 ऑगस्ट 1997 च्या निकालाने देशातल्या प्रत्येक कामाच्या जागेला तक्रार समिती बंधनकारक केली. निकाल देणाऱ्या तिघा न्यायमूर्तींमध्ये मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या सुजाता मनोहर होत्या. संसदेने त्याचा कायदा करायला पुढे सोळा वर्षं घेतली, पण ‘कर्मचारी’ची व्याख्या मूळ बाईला शोभेल अशी केली. कायम, हंगामी, रोजंदारी, ठेकेदारामार्फत आलेली, शिकाऊ, बिनपगारीसुद्धा. तुमचा अकरा महिन्यांचा कागद त्यात सहज बसतो. शिवाय तक्रार करणारी बाई तिथे नोकरीला असलीच पाहिजे असंही नाही. उद्या ठेवीची पावती बदलून घ्यायला आलेल्या एखाद्या बाईशी साहेब असे वागले तर तीही तक्रार करू शकते. म्हणून ऑगस्टमध्ये करार वाढवला नाही तरी तुमचा तक्रारीचा हक्क संपत नाही, आणि जाऊबाईंचं ऐकून तुम्ही राजीनामा दिलात तरीही नाही. राजीनामा मात्र आत्ता देऊ नका. अंतरिम म्हणून जे काही मागता येतं ते नोकरीत असताना मागणं सोपं जातं.

तक्रार द्यायची कुठे? उद्या शाखेत गेलात की भिंतीकडे बघा. ठेवींच्या व्याजदराचा तक्ता असेल, चेअरमनांचा सत्काराचा फोटो असेल, लक्ष्मीपूजनाचा जुना हार असेल. अंतर्गत समितीच्या नेमणुकीचा आदेश आणि लैंगिक छळाच्या परिणामांची सूचना आहे का? दर्शनी भागात ती लावणं मालकावर बंधनकारक आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या संस्थेने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. तुमची शाखा सात जणांची, संस्था चाळिसांची, म्हणजे मुख्य कार्यालयाला ‘आम्हाला लागू नाही’ म्हणता येणार नाही. समिती न नेमल्यास 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. समिती असेल तर अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, निदान निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरच्या स्वयंसेवी संस्थेतला, अशी तिची ठेवण असते. एका गावात मी तक्रार आल्यावर रातोरात जन्मलेली समिती पाहिली आहे. अध्यक्ष म्हणून संचालकांच्या सूनबाई, ज्यांनी संस्थेत एक दिवसही काम केलेलं नव्हतं. तसं दिसलं तर पहिल्याच तारखेला लेखी हरकत घ्या.

समिती नसेलच, आणि तुमच्या पत्रावरून मला तसंच वाटतंय, तर सरळ जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. दहापेक्षा कमी माणसांच्या जागा आणि खुद्द मालकाविरुद्धच्या तक्रारी यांच्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात ती असते. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात तिचा पत्ता मिळेल. तालुक्यालाही तक्रार स्वीकारायला एक अधिकारी नेमलेला असायला हवा, त्याने ती सात दिवसांत जिल्ह्याला पाठवायची असते. पण गाव लहान आहे, कचेरीतला शिपाईसुद्धा साहेबांना ओळखत असेल, म्हणून तुमच्या जागी मी जिल्ह्याचीच एसटी धरली असती. केंद्र सरकारच्या ‘शी-बॉक्स’ या पोर्टलवरूनही तक्रार नोंदवता येते.

आता घड्याळ. शेवटच्या प्रकारापासून तीन महिने एवढी मुदत आहे. तुमचा शेवटचा प्रकार 12 जूनचा, म्हणजे मुदत 12 सप्टेंबरच्या सुमारास संपते; धोका नको म्हणून सप्टेंबरचा पहिला आठवडा ही आपली हद्द. अडचण पटली तर समिती कारणं लिहून आणखी तीन महिने देऊ शकते, त्यापुढे नाही. ‘रजा नाकारणं आणि मेमो हे जुलैतलं आहे, म्हणजे मुदत तिथून मोजू’ असा सल्ला तुम्हाला मिळेल. त्यावर भिस्त ठेवू नका. कोलकात्याच्या एका विधी विद्यापीठातल्या प्राध्यापिकेची तक्रार सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेमकी याच मुद्द्यावर पडली. छळाचा शेवटचा प्रकार एप्रिल 2023 मधला, तक्रार डिसेंबरमधली. मधल्या काळात तिचं पद काढून घेतलं गेलं, ते छळाचाच पुढचा भाग आहे असं तिचं म्हणणं होतं. न्यायालयाने ती प्रशासकीय कारवाई मानली आणि तक्रार मुदतबाह्य ठरवली. ज्या कुलगुरूंविरुद्ध ही तक्रार होती, त्यांच्या परिचयपत्रात हा निकाल नमूद असावा, असंही मग त्याच न्यायालयाने म्हटलं. तिच्या हाती यातलं काय आलं, ते तुम्हीच ठरवा. रजा, 840 रुपये, मेमो हे सगळं तक्रारीत जरूर लिहा, सूडबुद्धी दाखवायला ते लागेलच. दिवस मात्र 12 जूनपासूनच मोजा.

लिहिण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण बऱ्याच खऱ्या तक्रारी इथे लंगड्या पडतात. बायका लिहितात, ‘साहेब माझ्याशी वारंवार गैरवर्तन करतात व वाईट नजरेने पाहतात, तरी योग्य ती कारवाई व्हावी ही नम्र विनंती.’ हे वाचून समितीला काय कळणार? तुमच्या पत्रातलाच मजकूर असा मांडून बघा:

‘दि. 12 जून रोजी दुपारी साधारण 4.30 वाजता शाखाधिकाऱ्यांनी मला कॅश काउंटरवरून लॉकर रूममध्ये बोलावले. आत ग्राहक नव्हता. त्यांनी माझे उजवे मनगट धरले व म्हणाले, “करार ऑगस्टमध्ये संपतोय ना? सगळं माझ्या शिफारशीवर आहे.” मी हात सोडवून बाहेर आले. त्या वेळी दाराशी शिपाई कर्मचारी उभ्या होत्या.’

उजवं की डावं, तुम्हाला आठवेल तसं लिहा. आठवत नसेल तर ‘मनगट’ एवढंच. अंदाजाची वेळ ‘साधारण’ म्हणून लिहा, छातीठोक लिहू नका. उलटतपासणीत माणूस अशाच फालतू तपशिलात अडकतो.

पुराव्याचं तर तुमच्याकडे सोनं आहे आणि तुम्हाला ते दिसलेलंच नाही. लॉकर दोन चाव्यांनी उघडतो, एक संस्थेची, दुसरी ग्राहकाची. ग्राहक आत जाताना लॉकरच्या नोंदवहीत सही करतो, वेळ घालतो. 12 जूनला साडेचारच्या आसपास त्या वहीत कुणाची सही नसेल तर साहेबांनी तुम्हाला आत कशासाठी बोलावलं, याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल. ही वही आणि कॅमेऱ्याचं चित्रण सुरक्षित ठेवावं, असा अर्ज तक्रारीसोबतच द्या. काउंटरवरचा कॅमेरा तुम्ही आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ दाखवेल. कॅमेऱ्यांमध्ये जुन्यावर नवं चढत जातं, 12 जूनचं कदाचित गेलंही असेल, पण मागायचं राहू नये. चौकशीपुरते समितीला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात, ती वही मागवू शकते, माणसांना बोलावू शकते. वहीचा फोटो मात्र तुम्ही चोरून काढू नका. ग्राहकांची नावं त्यात असतात, आणि उद्या त्याच कारणावरून तुमच्यावर दुसरा मेमो निघेल.

मेसेजचं म्हणाल तर पुसलेल्या मेसेजच्या जागी तो पुसल्याची खूण तारीख-वेळेसह उरते, आणि रात्री दहा-बारा वेळा तशी खूण असेल तर तीही बरंच बोलते. पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा, नंबर दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, आणि मुख्य म्हणजे हा फोन विकू किंवा बदलू नका. प्रकरण कोर्टात गेलं तर मूळ फोन आणि 2023 च्या साक्ष अधिनियमाप्रमाणे प्रमाणपत्र लागेल. समितीसमोर एवढी काटेकोर गरज नसते. तिथे ‘संशयापलीकडे सिद्ध’ लागत नाही, दोन्ही बाजू ऐकून काय घडलं असण्याची शक्यता जास्त आहे ते बघतात. म्हणूनच प्रत्यक्ष पाहणारा कुणी नसला तरी तक्रार टिकते. आणि ‘सिद्ध झालं नाही तर तुझ्यावरच उलटेल’ ही भीती घालणाऱ्यांना सांगा, नुसतं सिद्ध न होणं म्हणजे खोटी तक्रार नव्हे, असं कायद्यातच लिहिलं आहे. शिक्षा आहे ती जाणूनबुजून खोटं रचल्याबद्दल, आणि तो हेतू वेगळ्या चौकशीत सिद्ध करावा लागतो.

तक्रारीच्या सहा प्रती द्यायच्या, कागदपत्रं आणि साक्षीदारांच्या नावांसह. पोच घ्या, त्यावर शिक्का आणि तारीख हवी. आपल्याकडे अर्जाखाली ‘प्रत माहितीसाठी: मा. मुख्यमंत्री, मा. पालकमंत्री, मा. आमदार’ अशी वरात काढायची सवय आहे. ती इथे मोडा. तक्रार, नावं, जबाब सगळं गुप्त ठेवायचं असा नियम आहे, तो तुमच्या रक्षणासाठी आहे, आणि अशा प्रती गावभर फिरतात. महिला कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकू नका. साहेबांना मात्र तुमच्या तक्रारीची प्रत कामकाजाच्या सात दिवसांत पाठवली जाईल, तुमच्या नावानिशी. हे आधीच सांगितलेलं बरं. त्यांनी कामकाजाच्या दहा दिवसांत उत्तर द्यायचं. वकील दोघांनाही आणता येत नाही. चौकशी 90 दिवसांत, मग दहा दिवसांत अहवाल, आणि शिफारशींवर मालकाने 60 दिवसांत कारवाई करायची. निर्णय पटला नाही तर 90 दिवसांत अपील.

‘दोन बैठकांत उरकून टाकू’ असं कुणी म्हणालं तर खूश होऊ नका. गोवा विद्यापीठात 2009 मध्ये विद्यार्थिनींच्या तक्रारींवरून एका विभागप्रमुखाची चौकशी झाली. घाईने सुनावण्या उरकल्या, त्याला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कारणावरून कारवाई रद्द केली आणि चौकशी पुन्हा मे 2009 च्या टप्प्यावर नेऊन ठेवली. चौदा वर्षांनी त्या मुली कुठे असतील, कुणाला आठवत असेल? त्या प्रकरणाच्या पाठपुराव्यातूनच पुढे डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयाने जिल्हा अधिकारी आणि स्थानिक समित्या नेमायला राज्यांना तारखा घालून दिल्या. साहेबांना पुरेपूर बोलू द्या. तुमचाच निकाल त्याने पक्का होतो.

चौकशी चालू असताना त्याच माणसाच्या हाताखाली बसायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. तक्रारीबरोबर वेगळा अर्ज करा. बदली, तीन महिन्यांपर्यंत रजा (तुमच्या नेहमीच्या रजेव्यतिरिक्त), आणि तुमच्या कामाचा अहवाल साहेबांनी न लिहिता दुसऱ्या अधिकाऱ्याने लिहावा, हे मागता येतं. शेवटचं आधी मागा, कारण ऑगस्टचा करार त्याच शिफारशीवर अडकलाय. बदली मागताना त्यांची मागा. नाहीतर ‘ताईंच्या सोयीसाठी’ तुम्हालाच पस्तीस किलोमीटरवरच्या शाखेत पाठवतील आणि शाळेतून मुलाला आणायचं कुणी, हा प्रश्न तुमचा.

चेअरमनांच्या ‘मिटवू’बद्दल. कायद्यात समेट आहे, पण तो तुम्ही मागितलात तरच, समितीसमोर, लेखी, आणि पैशाच्या देवाणघेवाणीवर तर मुळीच नाही. एकदा असा समेट नोंदवला की पुढे चौकशी होत नाही, हे लक्षात ठेवा. चेअरमनांच्या दिवाणखान्यात चहाबरोबर साहेबांनी ‘चुकलं असेल तर माफ करा’ म्हणणं या समेटात येत नाही. त्या बैठकीला जाऊ नका. जावंच लागलं तर कुठल्याही कागदावर सही करू नका.

पोलिसांकडे जायचं की नाही हा निर्णय पूर्ण तुमचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 मध्ये लैंगिक छळ हा गुन्हा आहे, प्रकाराप्रमाणे एक ते तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मनगट धरण्यावर विनयभंगाचं कलम 74 लागू होतं का, तेही वकिलाला विचारा. तुमची माहिती महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते. समिती आणि पोलीस दोन्ही वाटा एकाच वेळी चालू शकतात, आणि तुम्हाला गुन्हा नोंदवायचा असेल तर संस्थेने मदत करणं बंधनकारक आहे. वकिलाचा खर्च परवडणार नसेल तर कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तक्रार लिहायला मदत हवी असेल तीही मागा.

नवऱ्याला सांगा, असं एरवी मी उठसूट म्हणत नाही. घरं वेगवेगळी असतात. पण समितीची नोटीस रजिस्टर पोस्टाने घरी येईल, तुम्ही शाखेत असताना. ती त्यांच्या हातात पडायच्या आधी तुमच्या तोंडून कळलेली बरी. सगळं एकदम नको, 12 जूनपासून सुरू करा. त्यांनी साहेबांना गाठून दोन लगावायची भाषा केली तर थांबवा, त्याने फक्त साहेबांना तक्रारदार व्हायची संधी मिळेल.

मेमोचं उत्तर दिलं नसेल तर ते आधी द्या. ठरलेल्या मुदतीत, सभ्य भाषेत, फक्त मेमोतल्या मुद्द्यांना. 840 रुपयांचा हिशोब, त्या दिवसाची कॅश स्लिप, कुणी कुणी काउंटर हाताळला ते. लॉकर रूमचा विषय त्यात नको, शेवटी एवढीच ओळ घाला की मेमोमागची पार्श्वभूमी वेगळी आहे आणि ती मी योग्य ठिकाणी मांडत आहे.

आणि मावशी. साक्षीदार म्हणून त्यांचं नाव लिहाल तेव्हा त्यांच्याही पोटाचा प्रश्न आहे, कदाचित तुमच्यापेक्षा मोठा. आधी त्यांच्या घरी जा, शाखेत बोलू नका. काय पाहिलं ते विचारा आणि त्या सांगतील तेवढंच ऐका, शब्द तोंडात घालू नका. ‘मी नाही बाई येणार’ म्हणाल्या तर रागावू नका. तरीही ‘दाराशी शिपाई कर्मचारी उभ्या होत्या’ हे वाक्य तुमच्या तक्रारीत राहू द्या. त्यांना बोलवायचं की नाही ते समिती बघेल, आणि समितीचं बोलावणं आलं म्हणून त्या आल्या, असं त्यांना साहेबांपुढे सांगता येईल.